शेपटाला वीज कुठून द्यावी? घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी घेतलेल्या सीसीएस बोर्डाचे परीक्षण

घरी बांधलेल्या माझ्या स्टिरिओ व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी मी गेल्या पावसाळ्यात एक तयार सीसीएस बोर्ड मागवला. सीसीएस म्हणजे स्थिर विद्युतधारा स्रोत, अर्थात दोन टोकांमधले व्होल्टेज हलले तरी ठरवून दिलेला करंट तेवढाच ठेवणारे छोटे सर्किट. बोर्ड सात सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद, फायबरचा आहे. दोन चॅनेलसाठी दोन स्वतंत्र सीसीएस आणि त्या दोघांना लागणारा ऋण बारा व्होल्टचा पुरवठा असे सगळे त्यावर एकत्र बसवलेले आहे. टपालखर्चासह किंमत साडेआठशे रुपये पडली. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण याच नकाशावरून, म्हणजे सर्किटच्या आराखड्यावरून, उतरवलेले बोर्ड मी आणखी दोन ठिकाणी पाहिले आहेत आणि पुढे सांगितलेल्या उणिवा मुळात त्या नकाशाच्या आहेत.

माझ्या ॲम्प्लिफायरची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक चॅनेलला एक ईसीसी८१ (एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन छोटे व्हॉल्व्ह) आणि पुश-पुल जोडीत, म्हणजे आळीपाळीने ढकलणारे आणि ओढणारे, दोन आउटपुट व्हॉल्व्ह ईएल८४ आहेत. ईएल८४ बुधवार पेठेतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून मिळालेले, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्क्याचे. ईसीसी८१ मधले दोन्ही ट्रायोड मिळून ‘लाँग-टेल्ड पेअर’ होते. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३६ साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन कॅथोड, म्हणजे तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारी टोके, एकत्र जोडायचे आणि तिथून एक लांब शेपूट, म्हणजे मोठा रेझिस्टर, खाली सोडायचा. एका ग्रिडवर, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीवर, सिग्नल दिला की दोन ॲनोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या टोकांवर, परस्परविरुद्ध दिशेचे दोन सिग्नल मिळतात आणि पुश-पुलच्या दोन व्हॉल्व्हना नेमके तेच हवे असते. हे दोन सिग्नल किती समान निघतील ते शेपूट किती लांब आहे यावर ठरते, आणि सीसीएस हे गणिताच्या दृष्टीने जवळजवळ अनंत लांबीचे शेपूट आहे. अडचण इतकीच की शेपूट लांब करायला खाली जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच ऋण व्होल्टेज.

हे आकड्यांनी पाहिलेले बरे. माझ्या सर्किटमध्ये दोन्ही ट्रायोडमधून मिळून सहा मिलिॲम्पिअर करंट जातो, ॲनोडला ३३ किलो-ओहमचे रेझिस्टर आहेत, वरचा पुरवठा ३०० व्होल्ट आहे आणि ग्रिड जमिनीच्या, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या, पातळीवर असल्यामुळे कॅथोड आपोआप सुमारे अडीच व्होल्टवर येऊन बसतो. ऋण पुरवठा नसेल तर शेपटाच्या वाट्याला हे अडीच व्होल्टच येतात, म्हणजे रेझिस्टर लावायचा झाला तर तो ४२० ओहमांचा निघतो. दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडमध्ये डोकावून पाहिले तर सुमारे ७७० ओहम दिसतात. तेव्हा या आखूड शेपटावर दुसऱ्या ॲनोडला पहिल्याच्या जेमतेम ३५ टक्के सिग्नल मिळतो. ऋण १२ व्होल्ट दिले तर तोच रेझिस्टर २.४ किलो-ओहमांचा होतो आणि प्रमाण ७६ टक्क्यांवर येते. ऋण ६० व्होल्ट दिले तर ९३ टक्के. सीसीएस मात्र ऋण १२ व्होल्टमध्येच ९९ टक्क्यांच्या पलीकडे नेतो. म्हणून सीसीएस लावणाऱ्याला साठ व्होल्टची गरज पडत नाही, पण शून्य व्होल्टवरही त्याचे भागत नाही. अडीच व्होल्टमध्ये चालणारा सीसीएस कागदावर काढता येतो. ट्रान्झिस्टर आणि त्याचा एमिटर-रेझिस्टर मिळून दीड-पावणेदोन व्होल्ट खातात आणि काहीतरी उरते. पण व्हॉल्व्ह बदलला, कॅथोड अर्ध्या व्होल्टने खाली आला, की उरलेले तेही जाते. शिवाय इतक्या कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टरची अंतर्गत कपॅसिटन्स वाढते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला शेपूट पुन्हा आखूड होते.

बोर्ड मागवण्याआधी मी तो खर्च वाचवण्याचा प्रयत्न केला होता आणि ती हकिगत इथे सांगणे भाग आहे, कारण बहुतेक जण पहिल्यांदा तोच मार्ग धरतात. ट्रान्सफॉर्मरवर हीटरसाठी, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेसाठी, ६.३ व्होल्टचे वाइंडिंग असतेच. त्यावर दोन डायोड आणि दोन कपॅसिटर लावून व्होल्टेज-डबलर केला की फुकटात ऋण व्होल्टेज मिळते, असा हिशेब. माझ्या वाइंडिंगला मधला टॅप आहे. गुणगुण कमी व्हावी म्हणून तो टॅप मी थेट जमिनीला न जोडता वरच्या पुरवठ्यावरून दोन रेझिस्टरांनी ४५ व्होल्ट काढून त्या पातळीवर उचलून ठेवला आहे. डबलरचा पहिला कपॅसिटर हाताशी होता तो लावला, ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. धन टोक हीटरकडे, दिशा बरोबर होती. फक्त त्या कपॅसिटरवर डबलरच्या चार-साडेचार व्होल्टांखेरीज हीटर उचलण्याचे ४५ व्होल्टही येऊन बसणार आहेत, हे माझ्या डोक्यात आले नाही. कपॅसिटर फुटला नाही, कारण उचलणारे रेझिस्टर मोठे होते आणि त्यांतून दीड मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नव्हता. तो नुसता गळू लागला. मीटर लावून पाहिले तर मधला टॅप ४५ ऐवजी ३१ व्होल्टवर आला होता आणि कपॅसिटर बोटाला कोमट लागत होता.

शंभर व्होल्टचा कपॅसिटर लावल्यावर गळती थांबली, तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. टॅपपासून प्रत्येक टोक ३.१५ व्होल्टच असल्यामुळे डबलरनंतर मला जेमतेम साडेसहा व्होल्ट मिळत होते. त्याहून वाईट गोष्ट अशी की डबलरचा कपॅसिटर भरताना जो करंटचा झटका दर फेरीला बसतो, त्याला परत जायला टॅपच्या बायपास-कपॅसिटरखेरीज वाट नसते. त्या झटक्यांनी सगळ्या हीटरांची पातळी ५० हर्ट्झच्या तालावर वरखाली होऊ लागली. म्हणजे जी गुणगुण घालवण्यासाठी हीटर उचलले होते, तीच गुणगुण मी मागल्या दाराने घरात घेतली. ज्यांच्या हीटर-वाइंडिंगचे एक टोक सरळ जमिनीला आहे त्यांना याच डबलरमधून पंधरा-सोळा व्होल्ट मिळतील आणि हा त्रासही होणार नाही. तरीही मी हा मार्ग कोणाला सुचवणार नाही.

नऊ व्होल्टच्या बॅटरीचा प्रयोग एका मित्राने केला आहे आणि आवाजात तो निर्दोष आहे. पण रोज दोन तास ऐकणाऱ्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी बॅटरी बदलावी लागते, आणि ती उतरत आली की आवाज केव्हा बिघडू लागला ते लक्षात येत नाही. पाच व्होल्टवर चालणारे एक वॅटचे छोटे डीसी-डीसी मॉड्यूलही मी लावून पाहिले. ॲम्प्लिफायरला त्याचा उपद्रव झाला नाही, पण शेजारी ठेवलेल्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर मीडियम वेव्हचे ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र खरखरीत बुडाले. ज्या खोलीत व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर असतो त्या खोलीत असा रेडिओही बहुधा असतोच.

उरला स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि हा बोर्ड त्याच कल्पनेवर उभा आहे. बोर्डाबरोबर ट्रान्सफॉर्मर येत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तो मागितला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारले, “साहेब, झिरो-बारा देऊ की बारा-झिरो-बारा?” म्हणजे बारा व्होल्टचे एकच वाइंडिंग हवे, की मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा. प्रश्न नेहमीचा होता, पण त्याचे उत्तर बोर्डावर कुठेच छापलेले नाही. इनपुटच्या दोन स्क्रूंपुढे फक्त ‘एसी’ ‘एसी’ असे लिहिले आहे. मी आधी बोर्डाची मागची बाजू उजेडात धरून तांब्याच्या रेषा कागदावर उतरवून घेतल्या होत्या म्हणून झिरो-बारा घेतला. एखाद्याने बारा-झिरो-बारा आणून त्याची बाहेरची दोन टोके जोडली असती, तर कमी लोडवर ब्रिजनंतर, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतर, अडतीस व्होल्टच्या आसपास गेले असते. बोर्डावरचा मुख्य कपॅसिटर २५ व्होल्टचा आहे आणि ऋण बारा व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या ७९१२ रेग्युलेटरची इनपुटची मर्यादा ३५ व्होल्टची. साडेआठशे रुपयांच्या वस्तूबरोबर अर्ध्या पानाचा कागद द्यायला काय हरकत होती, हे मला समजलेले नाही.

आता प्रत्यक्ष सर्किटविषयी. प्रत्येक सीसीएसमध्ये खाली एक बीसी५४६ आणि त्याच्या डोक्यावर कॅसकोड म्हणून, म्हणजे वरच्या व्होल्टेजच्या हालचालीपासून त्याला झाकणारा, एमजेई३४० आहे. दोन्ही ट्रान्झिस्टरच. बीसी५४६ च्या बेसला लाल एलईडीचा आधार दिला आहे, आणि ही निवड जाणकाराची आहे. लाल एलईडीवर सुमारे पावणेदोन व्होल्ट पडतात, त्यातून ट्रान्झिस्टरचे साडेसहा दशांश व्होल्ट वजा गेले की एमिटर-रेझिस्टरवर १.१ व्होल्ट उरतात. शिवाय तापमान वाढले की एलईडीचे आणि ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज साधारण सारख्याच प्रमाणात घसरते, त्यामुळे चॅसी तापली तरी करंट जागचा फारसा हलत नाही. एमजेई३४० चा बेस पाच व्होल्टच्या झेनरवर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडवर, बांधला आहे. वर ३०० व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर कशाला, असा प्रश्न पडेल. व्हॉल्व्हच्या आत कधी ॲनोड-कॅथोड शॉर्ट झालाच तर त्या दिवशी तो उपयोगी पडेल. एरवी त्याच्यावर दहा व्होल्ट आणि सहा मिलिॲम्पिअर, म्हणजे ६० मिलिवॅट एवढाच भार असतो आणि त्याला हीटसिंकची गरज नाही. दोन्ही चॅनेल, दोन्ही एलईडी आणि दोन्ही झेनर मिळून बोर्ड २२ मिलिॲम्पिअर घेतो. पाचशे मिलिॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर त्याला फारच मोठा होतो. दीडशेचाही चालेल, आणि त्याचे विखुरलेले चुंबकीय क्षेत्रही लहान असेल.

बोर्ड पहिल्यांदा टेबलावर चालू केला, कॅथोडच्या जागी रेझिस्टर जोडला, आणि स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) प्रोब रेग्युलेटरच्या आउटपुटवर ठेवला. बाराची सपाट रेघ अपेक्षित होती. दिसली ती जाड, केसाळ रेघ. टाइमबेस वाढवल्यावर त्या केसांची एकसारखी लाट झाली. रेग्युलेटर ऑसिलेट करत होता, म्हणजे त्याचे आउटपुट आपोआप वेगाने वरखाली होत होते. कारण शोधायला वेळ लागला नाही. ७९१२ च्या आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा एकच सिरॅमिक कपॅसिटर होता. ७८१२ ला, म्हणजे धन बारा व्होल्टच्या रेग्युलेटरला, एवढ्यावर चालून जाते. ७९ मालिकेला चालत नाही. तिच्या डेटाशीटमध्ये आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा त्याऐवजी २५ मायक्रोफॅरडचा ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्थैर्यासाठी आवश्यक आहे, असे स्पष्ट लिहिलेले असते. नकाशा करणाऱ्याने धन पुरवठ्याचा आराखडा उलटा करून ऋण पुरवठा बनवला असावा, असा माझा तर्क आहे. मी पायांवरच ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डागला, धन टोक जमिनीकडे, आणि रेघ सपाट झाली.

७९१२ विषयी आणखी एक गोष्ट. ७८१२ ची पाठ जमिनीला जोडलेली असते म्हणून ती चॅसीला बिनधास्त आवळता येते. ७९१२ ची पाठ इनपुटला, म्हणजे या बोर्डावर ऋण अठरा व्होल्टला, जोडलेली असते. या बोर्डावर रेग्युलेटर नेमका कडेला, आडवा, पाठ बाहेरच्या बाजूला करून बसवला आहे. जणू तो चॅसीच्या भिंतीला टेकवण्यासाठीच आहे. टेकवू नये. त्यातून जाणारा करंट पाहता तो सव्वा दशांश वॅटच्या आसपासच तापतो आणि त्याला भिंतीची गरजच नाही.

करंट ठरवण्यासाठी प्रत्येक सीसीएसला ५०० ओहमचा मल्टिटर्न ट्रिमर, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, दिला आहे, आणि एमिटरपासून ऋण पुरवठ्यापर्यंत दुसरे काहीच नाही. हे मला पसंत नाही. स्क्रू एका टोकाला गेला की एमिटर-रेझिस्टर शून्य होतो आणि करंटला धरबंध राहत नाही. मी एक रेष कापून ट्रिमरच्या मालिकेत १५० ओहमचा साधा रेझिस्टर घातला. आता ट्रिमर कुठेही गेला तरी करंट साधारण पावणेदोन ते सव्वासात मिलिॲम्पिअरच्या आतच राहतो. सहा मिलिॲम्पिअरसाठी एकूण १८३ ओहमांच्या आसपास लागतात, हे ज्यांना ट्रिमर काढूनच टाकायचा आहे त्यांच्यासाठी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका भोकाने खाल्ला. बोर्ड चॅसीत बसवला, ॲम्प्लिफायर चालू केला, व्हॉल्व्ह तापले, आणि स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुरगुर येऊ लागली. ही हीटरची ५० हर्ट्झची गुणगुण नव्हे. हिच्यात ब्रिज-रेक्टिफायरची धार होती. स्पीकरच्या टोकांवर चार मिलिव्होल्ट मोजले. पुरवठ्यात रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, आहे म्हणावे तर रेग्युलेटरनंतर काहीच दिसत नव्हते, आणि थोडा रिपल असता तरी तो शेपटातून दोन्ही ॲनोडवर सारखाच पोचून पुश-पुलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये कटला असता. दोन संध्याकाळी तारा हलवण्यात गेल्यावर मी बोर्ड सोडवून उलटा केला. चारपैकी एका स्क्रूच्या भोकाभोवती तांब्याचे कडे होते आणि ते कडे बोर्डाच्या शून्याला जोडलेले होते. बोर्ड पितळी खुंट्यांवर उभा केल्यामुळे त्याचे शून्य तिथे चॅसीला मिळाले होते, आणि मी दिलेल्या तारेने ते ईसीसी८१ च्या ग्राउंड-बिंदूलाही मिळाले होते. एका शून्याला दोन वाटा मिळाल्या, आणि मुख्य कपॅसिटर भरणारे झटके त्या वाटांमधून सिग्नलच्या जमिनीत फिरू लागले. पितळी खुंट्यांच्या जागी नायलॉनच्या खुंट्या लावल्या आणि बोर्डाचे शून्य एकाच तारेने ईसीसी८१ च्या ग्रिड-रेझिस्टरांच्या जमिनीपाशी नेले. चार मिलिव्होल्टचे ०.८ मिलिव्होल्ट झाले. कान स्पीकरच्या कापडाला लावला तरच आता काही ऐकू येते.

आता उत्पन्नाची बाजू. सीसीएस लावण्याआधी ऋण १२ व्होल्ट आणि २.४ किलो-ओहमचा साधा रेझिस्टर अशी जोडणी करून मी इनपुटला अर्धा व्होल्ट दिला, तेव्हा दोन ॲनोडवर ११.४ आणि ८.७ व्होल्ट मिळाले होते. बोर्ड जोडल्यावर तेच १०.१ आणि १०.० झाले. उरलेला फरक शेपटाचा नसून ॲनोडच्या ३३ किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरांचा आहे; एक टक्क्याचे रेझिस्टरही मीटरवर जुळवून घेतले तर तोही जाईल. सीसीएस दोन ट्रायोडमधल्या डीसीची समसमान वाटणी मात्र करत नाही, याची नोंद घ्यावी. बेरीज सहा मिलिॲम्पिअरच राहते, पण माझ्या एका व्हॉल्व्हमध्ये ती २.७ आणि ३.३ अशी वाटली गेली. पुढे कपलिंग-कपॅसिटर असल्यामुळे ईएल८४ ला त्याची फिकीर नसते.

कानाचे म्हणाल तर फरक आहे, पण बोर्ड विकणारे सांगतात तेवढा नाही. मंद आवाजात मला दोन जोडण्या ओळखता आल्या नाहीत. आवाज वाढवल्यावर डग्ग्याची घुमक अधिक आवळ वाटली आणि दोन आवाज एकत्र आले की होणारी किंचित गिचमिड कमी झाली. पुश-पुलच्या दोन्ही बाजूंना सारखा सिग्नल मिळू लागल्याचा तो परिणाम म्हणता येईल. स्कोपवर दिसला तो फरक याच्या कितीतरी पट मोठा होता.

चालू करतानाची एक गंमत मीटरवर पाहण्यासारखी आहे. ऋण पुरवठा क्षणात येतो. व्हॉल्व्ह मात्र थंड असतो आणि करंट देऊ शकत नाही. मागणारा आहे, देणारा नाही, अशा अवस्थेत सीसीएस कॅथोडला खाली ओढत जवळजवळ ऋण अकरा व्होल्टपर्यंत नेतो. पंधरा-वीस सेकंदांनी कॅथोड तापू लागला की काटा हळूहळू वर चढतो, शून्य ओलांडतो आणि धन अडीचवर येऊन थांबतो. बारा व्होल्टच्या पुरवठ्यात यातून अपाय नाही. ज्यांनी शेपटासाठी साठ-सत्तर व्होल्टचा पुरवठा घेतला आहे, त्यांनी मात्र या वीस सेकंदांचा विचार करून ग्रिड-कॅथोडच्या मध्ये संरक्षक डायोड ठेवावा.

फिक्स्ड-बायसचा, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला वेगळे ऋण व्होल्टेज देणारा, ॲम्प्लिफायर असणाऱ्यांना बायसच्या ऋण पुरवठ्यावरच सीसीएस टांगण्याचा मोह होईल. तो पुरवठा बहुधा काही मिलिॲम्पिअर देण्याच्याच लायकीचा असतो आणि त्याच्या मालिकेत मोठे रेझिस्टर असतात. त्यावर दोन चॅनेलचे बारा मिलिॲम्पिअर लादले तर बायस वर सरकतो, आउटपुट व्हॉल्व्हचा करंट वाढतो आणि त्यांचे ॲनोड लाल होतात. शेपटाच्या सोयीसाठी आउटपुट व्हॉल्व्हची जोडी पणाला लावण्यात अर्थ नाही.

स्वतःच सीसीएस बांधणाऱ्यांसाठी दुसऱ्या पर्यायांविषयी थोडेसे. एलएम३१७ हा रेग्युलेटर गल्लीतल्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि १.२५ व्होल्टला रेझिस्टरने भागले की करंट मिळतो, हे सगळ्यांना पाठ असते. पण त्याच्या स्वतःच्या गरजेपुरता किमान करंट डेटाशीटमध्ये १० मिलिॲम्पिअरपर्यंत जाऊ शकतो असे दिलेले आहे. सहा मिलिॲम्पिअरच्या शेपटाला तो भरवशाचा नाही. एलएम३३४ या करंट-स्रोत चिपची कमाल मर्यादा १० मिलिॲम्पिअर आहे आणि त्याचा करंट दर अंशाला ०.३३ टक्क्याने वाढतो; चॅसीच्या आत चाळीस अंशांची वाढ सहज होते, म्हणजे तेरा टक्क्यांची तफावत झाली. १०एम४५एस हा तयार करंट-रेग्युलेटर ४५० व्होल्ट सोसतो आणि डीएन२५४० हा डिप्लीशन मॉसफेट ४०० व्होल्ट. दोघेही उत्तम आहेत, पण त्यांची खरी जागा शेपटात नसून ॲनोडच्या वर आहे, जिथे शंभर-दीडशे व्होल्ट हाताशी असतात आणि वेगळ्या पुरवठ्याचा प्रश्नच येत नाही. बारा व्होल्टच्या शेपटासाठी दोन ट्रान्झिस्टर आणि एक लाल एलईडी यांच्याइतके स्वस्त आणि नेमके दुसरे काही मला सापडलेले नाही. या बोर्डाच्या नकाशातला सर्वांत चांगला भाग तोच आहे.

सुटे भाग आणून व्हेरोबोर्डवर हेच सर्किट बांधायला मला अडीच-तीनशे रुपये आणि एक रविवार लागला असता. वरचे साडेपाचशे रुपये नीट छापलेल्या बोर्डाचे आणि वाचलेल्या रविवारचे, असे धरले तर किंमत रास्त आहे; पण तो रविवार मी शेवटी दुरुस्त्यांमध्येच घालवला. स्कोप असलेल्या आणि डेटाशीट वाचणाऱ्या माणसाने हा बोर्ड घ्यावा. आउटपुटला ४७ मायक्रोफॅरड, ट्रिमरला १५० ओहम, खाली नायलॉनच्या खुंट्या, आणि ट्रान्सफॉर्मर झिरो-बाराच. ज्याचा हा पहिलाच व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आहे आणि ज्याच्याकडे फक्त मल्टिमीटर आहे, त्याला ऑसिलेशन दिसणारच नाही. तो महिनाभर व्हॉल्व्ह बदलत बसेल. त्याने सध्या ऋण १२ व्होल्टवर साधा रेझिस्टर लावावा आणि असंतुलन भरून काढण्यासाठी दुसऱ्या बाजूचा ॲनोड-रेझिस्टर थोडा मोठा घ्यावा. व्हॉल्व्हच्या जमान्यात अनेक कारखान्यांनी हेच केले होते. बोर्डावर काम करताना वरचे ३०० व्होल्ट दोन सेंटिमीटरवरच असतात, तेव्हा मुख्य कपॅसिटर रिकामे झाल्याचे मीटरवर पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

या चारही गोष्टी मी विक्रेत्याला फोटोंसह कळवल्या. ‘पुढच्या लॉटला बघतो’ असे उत्तर आले. दिवाळीनंतर मित्रासाठी दुसरा बोर्ड मागवला. त्यावर स्क्रूच्या भोकाभोवतीचे तांबे काढून टाकलेले आहे आणि इनपुटपाशी ‘०-१२’ असे छापलेले आहे. आउटपुटला कपॅसिटर अजून ०.१ चाच आहे.